गाडीची चावी काउंटरवर

आमच्या लाउंजच्या दारात एकदा एका कुटुंबानं नारळ फोडला. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि सुनेच्या कडेवर बाळ. हातात हार, उदबत्तीचा पुडा. दुपारची वेळ होती, मी टेबलं पुसत होते. आजोबांनी पायरीखाली चपला काढल्या, हात जोडले आणि मला विचारलं, "मावशी, बाबांचं दर्शन आता बंद हाय का?"

चूक त्यांची नव्हती. आमच्या लाउंजचं नाव 'साइड बी'. कॅसेटची दुसरी बाजू, म्हणून मालकांनी ते हौसेनं ठेवलेलं. शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे, आमच्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत. पण एसटीच्या कंडक्टरांनी 'साइड बी'चं 'साईबी' केलं आणि 'साईबी'चं 'साईबाबा' व्हायला किती वेळ लागणार? "साईबाबावाले उतरा" म्हटल्यावर ही भाविक मंडळी उतरली होती.

"आजोबा, हे हॉटेल आहे," मी म्हणाले. बार हा शब्द काही माझ्या तोंडून निघेना.

त्यांनी वाकून आत पाहिलं. छताला ओळीनं कंदील टांगलेले. "येवढे कंदील लावलेत आनि देव नाय?" मग स्वतःच म्हणाले, "आलोच हाय तं फोडतो. जागा कुनाचीच वाईट नसते." आणि पायरीवर नारळ फोडून, त्याची एक वाटी माझ्या हातात देऊन, आमचं कोकम सरबत पिऊन ती मंडळी पुढच्या गाडीनं गेली. मालक म्हणाले, "सुरेखाताई, आपलं खरं उद्घाटन आज झालं."

मी या 'साइड बी'मध्ये बारटेंडर आहे. मराठीत याला चांगला शब्द नाही, आणि जो आहे तो बाईला लावला की त्याला वेगळाच वास येतो. म्हणून दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा असं सांगणं आलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. फराळाच्या ताटाशेजारी दारूच्या गोष्टी कोण वाचणार? पण मग वाटलं, डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, फौजदार लिहितात. माणसं जिथं सैल होतात, तिथल्या माणसानं का लिहू नये?

आधी जागा सांगते. मालक अनिकेत सर डोंबिवलीचे. जाहिरातींच्या धंद्यात होते, ते सोडून जुन्या वस्तू गोळा करत सुटले. बंद पडलेली एक भाताची गिरणी घेतली आणि तिच्यात आईवडिलांच्या तरुणपणीचा काळ उभा केला. मोडीत निघालेल्या एसटीची बाकडी बसायला. एक भिंत नुसती कॅसेटींची. प्रत्येक टेबलावर काळा डायलचा फोन. ऑर्डर द्यायची तर फोन फिरवायचा, तो थेट माझ्या काउंटरवर वाजतो. मुंबईहून येणारी तरुण पोरं डायलच्या भोकात बोट घालून नुसतं दाबत बसतात आणि "लागत नाय, नेटवर्क नाय" म्हणतात. त्यांना फिरवायला शिकवणं हा माझ्या कामाचा निम्मा भाग.

पेयांची नावंही तशीच. करवंदाच्या रसातलं 'ट्रंक कॉल'. त्याहून कडक एक आहे, त्याला दूरदर्शनवरच्या जुन्या पाटीचं नाव, 'व्यत्ययाबद्दल क्षमस्व'. आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याच्यासाठी 'डबल बेल'. त्यात कोकम, जिरं, काळं मीठ आणि सोडा, दारूचा थेंब नाही. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली की गाडी सुटते ना, तसं हे प्यायलेला माणूस सुखरूप सुटतो.

मला हे काम शिकवलं फ्रान्सिस अंकलनी. वसईचे, मुंबईच्या मोठ्या हॉटेलात उभा जन्म काढलेले. सरांनी त्यांना बार लावून द्यायला बोलावलं होतं. मी तेव्हा इथं स्वयंपाकघरात होते, सरबतं करायचे. एक दिवस त्यांनी माझं करवंदाचं सरबत चाखलं, पुन्हा चाखलं आणि काउंटरपलीकडून हाक मारली, "पोरी, इकडे ये. तुझी जीभ स्वयंपाकघरात वाया चाललीय."

"मी पीत नाही अंकल."

"मीसुद्धा पीत नाही. हलवाई काय दिवसभर पेढे खातो?"

त्यांनी मला सगळं आपल्या भाषेत समजावलं. नुसती दारू-दारू एकत्र करायची असेल तर चमच्यानं हलक्या हातानं ढवळायची. फळाचा रस असेल तर झाकणाच्या डब्यात, म्हणजे शेकरमध्ये, बर्फ घालून जोरानं घुसळायची, म्हणजे दोन्ही एकजीव होतात आणि वर फेस धरतो. हे मला चटकन कळलं, कारण ताक आणि कढी यांना एकच हात चालत नाही हे कुठल्या बाईला ठाऊक नसतं? चव बघायची ती नळीच्या टोकावर थेंब घेऊन, आणि थुंकून टाकायची. पण त्यांचा खरा धडा वेगळा होता. "बाटली कुणीही ओतील. कुणाला कधी ओतायची नाही, त्याचा पगार असतो आपल्याला. हात नंतर, डोळे आधी."

तर डोळे. माणूस बोलताना शेवटचा शब्द गिळायला लागला, उगाच माफी मागायला लागला किंवा शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून काढेनासा झाला, की मी त्याचा ग्लास भरत नाही. पाणी घालून फसवतही नाही. टेबलावर जाते आणि तोंडावर सांगते. बहुतेक जण ऐकतात. बाईनं सांगितलं म्हणून काही जण जास्तच ऐकतात आणि काही अजिबात ऐकत नाहीत.

आता घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझा नवरा राजाराम ट्रॅक्टर चालवायचा. मनानं मऊ माणूस, पण ढाब्यावर बसला की उठायचा नाही. एका संध्याकाळी प्यायलेला असताना मोटारसायकल घेऊन निघाला आणि वळणावर उभ्या ट्रकवर गेला. आमची रूपाली तेव्हा बालवाडीत होती. घरात राहिलो आम्ही तिघी. मी, रूपाली आणि सासूबाई.

सासूबाईंचं नाव देवका. मुलगा गेल्यावर ही बाई रडली कमी आणि उठली जास्त. गावातल्या बायका गोळा करून तिनं देशी दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घ्यायला लावलं. या मतदानात चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. आमच्याकडे बायका रानातून, लावणीवरून, चिखलाच्या पायांनी येऊन शिक्का मारून गेल्या. दुकान बंद झालं. सासूबाई महिला मंडळाच्या अध्यक्ष झाल्या.

आणि त्यांची सून बारच्या काउंटरवर उभी.

त्यांनी मला कधी अडवलं नाही. कधी काही बोलल्याही नाहीत. मी निघाले की रूपालीला जेवू घालायच्या, अभ्यासाला बसवायच्या. पण माझ्या कामाचा शब्द घरात निघायचा नाही. मी कामावरची साडी वेगळी धुवायचे. गावात बायका पाण्यावर कुजबुजायच्या, "जिचं कुंकू दारूनं पुसलं, ती आता लोकांना पाजते." खोटं काय होतं त्यात? मला एकच रुखरुख होती आणि आहे. रूपालीच्या लहानपणच्या सगळ्या संध्याकाळी मी दुसऱ्यांच्या टेबलांवर वाढल्या. ती कविता पाठ म्हणायची ती आजीला. माझ्या वाट्याला सकाळच्या वेण्या आल्या.

मग एका पावसाळ्याच्या शेवटाला रस्त्यावर दोन पोरं गाडीवरून पडली. हात-पाय मोडले, जीव वाचले. त्यांनी कुठं घेतली होती ते कुणालाच माहीत नव्हतं, पण रस्त्यावर पाटी आमचीच मोठी. महिला मंडळात मंदाताईंनी विषय काढला. मंदाताई पंचायतीत सदस्य होत्या, आवाज खणखणीत. "देशीचं दुकान बंद केलं, मंग ह्या शायनिंगवाल्याला का सोडायचं? गरिबाची बाटली आडवी आनि मोठ्याची उभी?" सगळ्या बायका सासूबाईंकडे बघायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "न बगता मी कुनावर शिक्का मारनार नाय. आदी बगून येऊ."

हे त्यांनी मला घरी सांगितलं नाही, सगळं नंतर कळलं. एक दिवस दिवेलागणीला दारावरचा शंकर आत आला आणि म्हणाला, "ताई, तुमच्या सासूबाई आल्यात. बरोबर अजून दोघी हायेत."

माझ्या हातातला बर्फाचा चिमटा तसाच राहिला. काउंटरपलीकडे पाहिलं तर सासूबाई दारात उभ्या. डोक्यावरून पदर, पायात बाहेर जाताना घालायच्या चपला. मागे मंदाताई आणि वाडीवरची ठमीबाई, जी आम्हाला हंगामात करवंदं आणून देते आणि मागच्या दारानंच जाते. नोकरी गेली, असं मला वाटलं. माझ्या एकटीचीच नाही. स्वयंपाकघरातल्या बायका, शंकर, सगळ्यांचीच.

अनिकेत सर पुढे झाले. "या मावशी, बसा."

"आमी बगायला आलोय," सासूबाई म्हणाल्या. "तुमी तुमचं चालू द्या."

त्या बाकड्यावर बसल्या. बसल्याबसल्या ठमीबाई ओरडली, "गो बाय, ही तं मुरबाड गाडीची शीट! हितंच मी ओकले होते एकदा!" मंदाताई छताकडे बघून म्हणाल्या, "आमच्या माळ्यावर जे पडलंय ते हितं टांगलंय. आनि लोक कल्यानवरून बगायला येतात?" मी करवंदाचं सरबत घेऊन गेले. सासूबाईंनी ग्लास घेतला नाही. "तू तुजं काम कर. मी तुजं कामच बगायला आले."

माणसाला असं कुणी सांगितलं की हात परके होतात. पण टेबलं भरत होती, फोन वाजत होते. मी ढवळत होते, घुसळत होते, आणि पाठीवर सासूबाईंची नजर कळत होती.

चार नंबरच्या टेबलावर तिघं बसले होते. दोघं आटगावला गाडी पकडायची म्हणून लवकर उठून गेले. उरला तो एक पंकज. नाव मला नंतर कळलं. तिशीच्या आतला, पांढरा शर्ट, कुठल्याशा जमिनीच्या व्यवहाराला आला होता. त्याच्या टेबलाचा फोन माझ्या काउंटरवर वाजला.

"अजून एक तेच. क्षमस्व-क्षमस्व काय ते."

"चार नंबर, तुम्हाला आता 'डबल बेल' पाठवते," मी म्हणाले. "कशानं आलात?"

"बाइकनं. तुला काय करायचंय?"

मी फोन ठेवला आणि टेबलाशी गेले. चावी टेबलावरच होती. ती उचलून मुठीत धरली. "दादा, दारू आता मिळणार नाही. गाडीही मिळणार नाही. घरून कुणाला तरी बोलवा, नाहीतर आमचा माणूस सोडील."

तो उठला. धक्क्यानं फोन खाली पडला. "चावी दे. तू कोन गो मला सांगनारी? बारवाली बाई तू, ओतायचं काम कर."

शेजारच्या टेबलांवरच्यांनी ग्लास खाली ठेवले. कॅसेट मात्र वाजत होती. शंकर धावत आला, सर आले. मी चावी सोडली नाही. राग आला असं म्हणता येत नाही, या शब्दाची सवय झालेली असते. पण तो शब्द सासूबाईंच्या समोर उच्चारला गेला होता आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

एवढ्यात शंकरच्या मागून आवाज आला, "सरका जरा."

सासूबाई उठून आल्या होत्या. त्यांनी पंकजच्या समोर उभं राहून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कुनाचा रं तू?"

तो बावचळला. "काय?"

"गाव कंचं? आईचं नाव काय?"

आमच्याकडे हा प्रश्न वडीलधाऱ्या बाईनं विचारला की कितीही प्यायलेला माणूस उत्तर देतो. "ढसईकडचा. आई... सुमन."

"लगीन झालंय?"

"हो."

"पोर?"

"मुलगी. पाच महिन्यांची."

"बस खाली."

आणि तो बसला. सासूबाई त्याच्या शेजारी बसल्या. "फोन लाव घरला." त्यानं खिशातून मोबाइल काढला, बोटं चुकत चुकत लावला. तिकडून बाईचा आवाज आला तसा सासूबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला. "गो पोरी, घाबरू नको. तुजा घरवाला हितं किन्हवलीच्या रस्त्याला हाय. बरा हाय. जरा जास्त झालीय त्याला. कुनाला तरी न्यायला धाड. तवर मी बसते त्याच्यापाशी."

त्याच्यासाठी स्वयंपाकघरातून वरण-भात आला. तो मान खाली घालून जेवला. सासूबाई मध्येच एकदा म्हणाल्या, "पानी पी." पुष्कळ वेळानं त्याचा भाऊ टेम्पो घेऊन आला. बाइक मागे चढवली. मी चावी भावाच्या हातात दिली. पंकज जाताना सासूबाईंच्या पाया पडला. माझ्याकडे बघायचं धाडस त्याला झालं नाही, आणि मलाही ते नकोच होतं.

सासूबाई काउंटरपाशी आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या कामाबद्दल मला काही विचारलं.

"असं रोज करतंस?"

"रोज नाही. वेळ आली की करते."

"आनि त्यानं मारलं असतं तं?"

"सर असतात, शंकर असतो."

त्यांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "माज्या राजाच्या येळेला असा कोन नव्हता गो," त्या म्हणाल्या. "ढाब्यावर येवढी मानसं होती. कुनी चावी काढून घेतली नाय."

राजारामचं नाव त्यांच्या तोंडून मी इतक्या वर्षांनी ऐकलं. काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे त्या. मला पलीकडे जाऊन त्यांना धरायचं होतं, पण सात नंबरचा फोन वाजायला लागला. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "घे तो. काम आदी."

मग त्यांनी ते सरबत मागून घेतलं आणि उभ्यानंच संपवलं. ठमीबाईला म्हणाल्या, "तुज्या करवंदाचं हाय. झकास झालंय."

पुढच्या आठवड्यात मंडळाची बैठक झाली. देवळाच्या ओट्यावर. मी मागे बसले होते. मंदाताईंनी मांडलं, मतदान लावायचंच. सासूबाई उठल्या. "दारू वाईटच. मी काल बी तेच बोलले, आज बी तेच बोलते. पन हे बंद झालं तं पोरं ढाब्याच्या मागं अंधारात पितील. तिथं चावी कोन काढंल?"

"देवकामावशी, तुमी सुनेची नोकरी वाचवता," मंदाताई म्हणाल्या.

मला वाटलं, सासूबाई चिडतील. त्या म्हणाल्या, "वाचवते की. तुजी सून असती तं तू काय केलं असतंस?" बायका हसल्या, पण मंदाताई हसल्या नाहीत. मग सासूबाईंनी अटी घातल्या. दारातच गाडीची चावी काउंटरवर जमा करायची, आणि सुरेखानं माणूस शुद्धीत आहे म्हटल्याशिवाय परत द्यायची नाही. रात्री लवकर बंद. गावातल्या कोवळ्या पोराला दारातूनच परत. आणि मंडळाची कुठलीही बाई कुठल्याही संध्याकाळी न सांगता येऊन बसेल. अनिकेत सरांनी सगळं मान्य केलं. जुन्या हॉटेलातल्या खोल्यांच्या चाव्या टांगायची एक लाकडी फळी त्यांना कुठूनशी मिळाली होती, ती माझ्या पाठीमागे ठोकली. नवी गिऱ्हाइकं तिला शोभेची वस्तू समजतात. चावी मागितली की हसतात. मग देतात.

मंदाताई अजून माझ्याशी तुटकच बोलतात. त्यांचं काही चूक आहे असं मला वाटत नाही. गरिबाची बाटली आणि मोठ्याची बाटली, या त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. पण त्या येतात. महिन्यातून एखाद्या संध्याकाळी येऊन दाराशेजारच्या बाकड्यावर बसतात, फळीवरच्या चाव्यांवरून नजर फिरवतात आणि 'डबल बेल' पिऊन जातात.

फ्रान्सिस अंकल आता थकलेत. वसईला त्यांच्या घरी मी रूपालीला घेऊन जाऊन आले. तिला त्यांनी विचारलं, "आईचं काम येतं का तुला?" ती म्हणाली, "नाही, मी नर्सिंग करतेय." अंकल हसून म्हणाले, "मग तेच की!"

कुणाकुणाचे उपकार मानू? बाईच्या हातात घुसळायचा डबा देणाऱ्या अंकलचे, एका सरबतवाल्या बाईवर विश्वास टाकणाऱ्या सरांचे, की माझ्यामागे रूपालीच्या सगळ्या संध्याकाळी सांभाळणाऱ्या त्या माउलीचे?

या उन्हाळ्यात मुरबाडला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत सासूबाई आणि मी शेजारी बसलो होतो. समोरच्या पंगतीतून एक लांबची नातेवाईक बाई, बहुधा मुद्दामच, मोठ्यानं म्हणाली, "देवकाकाकू, तुमची सून कुठं कामाला आसते म्हने?"

आजूबाजूच्या चार बायकांचे हात पानात थांबले. माझाही थांबला.

सासूबाईंनी वाढप्याकडून भातावर आमटी घालून घेतली, त्याला पुरे म्हणाल्या, आणि मग त्या बाईकडे बघून तितक्याच मोठ्यानं म्हणाल्या, "माजी सून ना? ती लोकांची पोरं घरी पोचवते."